बावन्न मिलिमीटर

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हा काय, एक लोखंडी ठोकळा आणि वर सहा काचेच्या नळ्या! वाटू द्या. मी एक जुना ईएसआरचा स्टँड आहे. रायपूरच्या गोल बाजारामागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, रमा मॅडमची रक्त तपासायची लॅब आहे. तिथल्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर सध्या माझा मुक्काम असतो. भीमाबाई दर शनिवारी माझ्यावरून फडकं फिरवतात, त्यामुळे धुळीची तक्रार नाही. तक्रार आहे ती रिकामपणाची. काम नसलं की म्हाताऱ्यांची जीभ सैल होते, तशी माझीही झाली आहे. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. माझा पायथा ओतीव लोखंडाचा. त्याला तीन पाय, आणि प्रत्येक पाय म्हणजे एक स्क्रू. स्क्रू फिरवला की तो पाय लांब किंवा आखूड होतो. पायथ्यावर एक इवलीशी गोल काच बसवलेली आहे, आणि तिच्या आतल्या पाण्यात एक बुडबुडा तरंगतो. गवंड्याकडे पाणसळ असते ना, तसलाच प्रकार. बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आला की समजायचं, मी सरळ उभा आहे. कारखान्यातल्या कारागिराने मला शेवटचं पुसून खोक्यात ठेवलं, तेव्हा बुडबुडा अगदी मधोमध होता. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली, की जगात आपल्यासारखं सरळ कुणी नाही. हा माझा स्वभावदोष पुढे मला चांगलाच भोवला, तो कसा ते सांगतोच.

माझं काम तसं सोपं. रुग्णाचं रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं, ते माझ्या लांब नळीत शून्याच्या रेघेपर्यंत भरायचं आणि एक तास नळीला हात लावायचा नाही. बस, एवढंच. त्या तासात रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. तासाभराने बघायचं, पेशी किती मिलिमीटर खाली गेल्या; तो आकडा म्हणजेच ईएसआर. निरोगी माणसाच्या पाच, दहा, फार तर पंधरा. पण शरीरात कुठे जंतूंनी ठाण मांडलं असेल, तर रक्तातल्या पेशी पापडांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली उतरतात. मग आकडा साठ, ऐंशी, शंभरावरही जातो. जंतू कुठे आहेत ते मला सांगता येत नाही. घरात काहीतरी बिघडलं आहे, एवढंच मी सांगतो.

माझ्या शेजारी सीआरपीची तपासणी व्हायची. एक काळी पट्टी, तिच्यावर रक्तातल्या पाण्याचा थेंब, त्यात दुसरा पांढरा थेंब, दोन मिनिटं पट्टी हलवायची, आणि दाणे दिसले की झाला निकाल, शरीरात आजार आहे; पट्टी साफ राहिली तर नाही. मला एक तास लागायचा आणि तिला दोन मिनिटं! शिवाय आजार आला की ती काही तासांत चढते आणि बरं वाटू लागलं की काही दिवसांतच उतरते. मला मात्र उतरायला आठवडे लागतात. खरं सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा. पण रमा मॅडम म्हणायच्या, "हाडाचं आणि सांध्याचं इन्फेक्शन ओळखायला दोघंही पाहिजेत. एकाचं ऐकून निकाल देऊ नये." त्यावर मी मनात म्हणायचो, पहिला मान तरी माझाच.

ही गोष्ट आहे छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्यानंतरच्या पहिल्या वर्षातली. रायपूर एका दिवसात राजधानी झालं. भोपाळहून कारकून आले, साहेब आले, त्यांची बायकापोरं आली. भाड्याच्या घरांना भाव आला आणि आमच्या लॅबच्या जिन्यावर रांग लागू लागली. लॅबचा सगळा भार दिवाकरवर. हा गुढियारीत राहणारा, तिशीतला, अंगाने किरकोळ माणूस. त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. दिवाकर सगळ्यांशी गोड बोलायचा, पण माझ्या बाबतीत भारी कडक. रोज सकाळी लॅब उघडली की आधी माझा बुडबुडा बघायचा, मग देवाला उदबत्ती लावायचा.

त्याच वर्षी जुलै महिन्यात विजयाताई आपल्या मुलीला घेऊन जिना चढून आल्या. चढून म्हणजे, मुलगी आईच्या कडेवर होती. नऊ वर्षांची गंधाली. दोरीवरच्या उड्या मारताना पडली होती, म्हणून सगळ्यांनी ते पडण्याचंच दुखणं धरलं. आठ दिवस तेलाने मालीश झाली. पाय बरा व्हायच्या ऐवजी ताप चढला आणि गुडघ्याच्या वर हात लावला की पोर किंचाळू लागली. हाडांचे डॉक्टर शिशिर यांनी एक्स-रे काढला, तर तो स्वच्छ. पण ते जाणते डॉक्टर. हाडात पू झाला तरी एक्स-रेमध्ये दिसायला दोन आठवडे लागू शकतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं.

काळ्या पट्टीवर ठळक दाणे दिसले. आणि माझा आकडा आला एकशे बारा.

त्याच संध्याकाळी शिशिर डॉक्टरांनी गंधालीची मांडी उघडली आणि हाडातला पू काढला. आणखी थोडे दिवस गेले असते तर सांधाही गेला असता, असं त्यांनी विजयाताईंना सांगितलं. पुढे सुया झाल्या, मग गोळ्या झाल्या. दर थोड्या दिवसांनी गंधाली रक्त द्यायला यायची आणि माझा आकडा उतरत जायचा. शहाऐंशी. एकसष्ट. चव्वेचाळीस. काळी पट्टी तर केव्हाच साफ झाली होती. विजयाताई प्रत्येक वेळी तासभर बाकावर बसून राहायच्या आणि आकडा ऐकूनच घरी जायच्या. एकदा तर त्यांनी मला चक्क नमस्कार केला. मी किती फुगलो असेन, तुम्हीच विचार करा!

मग दसरा आला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रायपूरच्या मराठी घरांतही ती होते आणि मराठी दुकानांतही. दिवाकरने लॅबमधली सगळी यंत्रं पुसली, एक पाट मांडला आणि पहिला मान म्हणून मला पाटावर ठेवलं. माझा मागचा पाय पाटाच्या पट्टीवर चढत होता आणि मी डुगडुगत होतो. म्हणून दिवाकरने त्या पायाचा स्क्रू चार-पाच आटे वर घेतला. मग झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि हळदीकुंकवाचा चांगला ठसठशीत टिळा लावला. लोखंडावर कुंकू काही टिकेना, तेव्हा त्याने तो लावला काचेवर. म्हणजे नेमका माझ्या बुडबुड्यावर.

दसरा झाला. मला उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं. मागचा पाय तसाच आखूड राहिला. सकाळी दिवाकरने सवयीने माझ्याकडे बघितलं, पण काचेवर वाळलेलं कुंकू होतं. पूजेचं कुंकू आपण पुसत नाही, ते आपोआप जाईल तेव्हा जाईल, अशी आपली रीत. भीमाबाईंनाही त्याने सांगितलं, "बाई, सगळं पुसा, पण स्टँडवरचा टिळा राहू द्या." त्या म्हणाल्या, "हव भैया, देवाचा टिळा मी काहून पुसू?"

आणि मी? मी वाकडा उभा होतो आणि मला मुळीच कळलं नाही. उलट कपाळी टिळा लागल्यावर माझी ऐट आणखी वाढली होती.

नळी थोडी जरी कलली, तर पेशी सरळ खाली न उतरता नळीच्या एका भिंतीला लागतात आणि घसरगुंडीवरून घसरावं तशा झरझर खाली जातात. आकडा उगाच वाढतो. त्या चार-पाच दिवसांत सगळ्यांचेच आकडे चढे येत होते. दिवाकरला ते खटकलं, पण रांग मोठी होती. सणाचं खाणं, बदलती हवा, सर्दी-ताप, असं म्हणून तो पुढच्या नळीकडे वळायचा.

सोमवारी गंधाली आली. दसऱ्याला ती हट्टाने रावण बघायला चालत गेली होती आणि तेव्हापासून मांडी दुखत होती. काळी पट्टी साफ निघाली. माझा आकडा आला बावन्न.

चव्वेचाळीसवरून उतरायचा तो चढला होता! शिशिर डॉक्टर विचारात पडले. एक साक्षीदार म्हणतो आजार गेला, दुसरा म्हणतो परत आला, आणि मांडी तर दुखतेच आहे. शेवटी त्यांनी ठरवलं, हाडात कुठे पू लपून राहिला असेल तर पोरीचा पाय जाईल, त्यापेक्षा मांडी पुन्हा उघडून बघू. गुरुवारी राज्याचा पहिला वाढदिवस, सुट्टी, दवाखान्यात गर्दी नाही. गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरलं.

बुधवारी सकाळी विजयाताई ऑपरेशनआधीच्या तपासण्या करायला मुलीला घेऊन आल्या. त्यांचा चेहरा सुकला होता. गंधाली या वेळी स्वतःच्या पायाने जिना चढली होती, थोडी लंगडत.

"भैया," विजयाताई म्हणाल्या, "पुन्हा कापतील का हो माह्या पोरीले?"

दिवाकरने सुईचं पाकीट फोडलं. तो गंधालीकडे बघत होता. तिचे गाल भरले होते, अंग गार होतं, आणि सुई बघून ती आईला हिंदीत बजावत होती, "मम्मी, बोल दो, मुझे नहीं कराना ऑपरेशन. मैं ठीक हूँ ना!"

दिवाकरने रक्त घेतलं, माझ्या नळीत भरलं. आणि मग त्याने असं काही केलं, जे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. त्याने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, भीमाबाईंना सांगून तो घट्ट ओढून घेतला, आपलंच रक्त काढलं आणि गंधालीच्या शेजारच्या नळीत भरलं.

रमा मॅडम आतून आल्या. "हे काय करून राहिलास रे?"

"मॅडम, माहा ईएसआर कायम सहा येते. नोकरीला लागलो तवापासून सहा. आज पाहतो किती येते."

म्हणजे त्याला माझा संशय आला होता. माझा! मित्रांनो, मला इतका राग आला की काय सांगू. इतकी वर्षं मी इमाने उभा राहिलो, एकशे बारा सांगून याच पोरीचा पाय वाचवला, आणि आता हा माझीच परीक्षा घेतो? बघ म्हटलं तुझे सहा. येतील बरोबर सहा.

तो एक तास फार मोठा गेला. खाली दुकानात कुणीतरी पितळेच्या परातीवर नाव कोरून घेत होतं, त्याची टकटक ऐकू येत होती. विजयाताई बाकावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. गंधाली खिडकीतून रस्त्यावर बांधल्या जाणाऱ्या दिव्यांच्या माळा बघत होती.

तास झाला. गंधालीचा आकडा त्रेपन्न.

दिवाकरचा आकडा तेरा.

दिवाकरने दोन्ही नळ्यांचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग खाली वाकून त्याने डोळे माझ्या पायथ्याच्या पातळीवर आणले. त्याने हात जोडले, "माफ करजो रे बाबा," असं पुटपुटला आणि स्पिरिटच्या बोळ्याने काचेवरचं कुंकू पुसलं.

बुडबुडा वर्तुळाच्या पार कडेला जाऊन चिकटला होता.

मित्रांनो, लोखंडाला शरमेने खाली बघता आलं असतं, तर मी बघितलं असतं. मी वाकडा होतो. पाच दिवस मी खोटं बोलत होतो आणि तेही छाती काढून बोलत होतो. आणि जिची मी काळजी वाहतो असं समजत होतो, त्या पोरीच्या मांडीवर माझ्यामुळे उद्या सकाळी सुरी फिरणार होती. जिचा मी हेवा केला, ती काळी पट्टी खरं सांगत होती आणि तिचं कुणी पुरतं ऐकलं नव्हतं.

दिवाकरने मागचा स्क्रू फिरवत फिरवत खाली आणला. बुडबुडा सरकत सरकत मधोमध आला. सकाळचं गंधालीचं थोडं रक्त बाटलीत उरलं होतं, ते त्याने नव्या नळीत भरलं आणि पुन्हा एक तास थांबला. या वेळी तो माझ्यासमोरून हललाच नाही, बाहेरची रांग ओरडत राहिली तरी.

सदतीस.

चव्वेचाळीसवरून सदतीस. उतरतच होता, जसा उतरायला हवा होता तसा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी दिवाकरला चूक लपवता आली असती. नळी खराब निघाली, औषध जुनं होतं, असं काहीही सांगता आलं असतं आणि कुणी विचारलंही नसतं. रमा मॅडमनी शिशिर डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा दिवाकरने हात पुढे केला आणि फोन मागून घेतला.

"सर, चूक माही आहे," तो म्हणाला. "दसऱ्याले स्टँडचा पाय मीच आखूड केला होता अन् तसाच विसरलो. बावन्न नाही सर, आज सदतीस आहे. स्टँड सरळ करून पाहिलं."

पलीकडून डॉक्टर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी दिवाकर म्हणाला, "हव सर, सांगतो," आणि फोन ठेवला. मग तो बाकापाशी गेला आणि विजयाताईंसमोर उभा राहिला. "ताई, उद्याचं ऑपरेशन रद्द झालं. डॉक्टर म्हणाले, चालल्याने पाय दुखला असेल, आराम द्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासू. आकडा चुकला होता, तो माह्यामुळे चुकला."

विजयाताई आधी रडल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज चढला. "तुमच्यामुळे? भैया, दोन रात्री मी झोपली नाही! माह्या पोरीची मांडी फाडली असती न उद्या! कोणासाठी? तुमच्या एका स्क्रूसाठी?"

दिवाकर मान खाली घालून ऐकत राहिला. रमा मॅडम काही बोलायला पुढे झाल्या, तर त्याने हातानेच त्यांना थांबवलं. विजयाताईंचा राग खरा होता आणि तो ऐकून घेणं हेही त्याचं कामच होतं. रागावून झाल्यावर त्या खाली बसल्या. गंधालीने आईचा पदर ओढला आणि विचारलं, "तो अब मैं कल भूखी नहीं रहूँगी ना?" ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायचं असतं, त्याचीच तिला जास्त धास्ती होती. तेव्हा कुठे विजयाताई हसल्या.

दसऱ्यानंतर माझ्या नळ्यांतून आणखी चौदा जणांची रक्तं गेली होती. दिवाकर त्यांच्या घरी गेला. पंडरीत एका कापडवाल्याकडे, गुढियारीत आपल्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका आजीकडे, सायकलवर फिरून त्याने प्रत्येकाला सांगितलं की रिपोर्ट चुकला आहे, पुन्हा रक्त द्या. काहींनी त्याला बोल लावले. आजीने त्याला मुंगोडी, म्हणजे मुगाची भजी, खायला घातली आणि मग बोल लावले.

पुढच्या आठवड्यात गंधालीचा आकडा एकतीस आला. मग बावीस. थंडी संपताना बारा. शिशिर डॉक्टरांनी गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या. त्या शेवटच्या दिवशी ती जिना धावत चढली आणि दिवाकरने ते ऐकून, ती दारात यायच्या आधीच, "हळू, पोट्टे!" अशी हाक मारली.

खंडेनवमी लॅबमध्ये अजूनही होते. मला फूल मिळतं, अक्षता मिळतात. कुंकू मात्र टेबलाच्या लाकडाला लागतं, माझ्या काचेला नाही, असा रमा मॅडमनी नियमच केला. पुढे काही वर्षांनी एक यंत्र आलं. ते माझं तासाभराचं काम चुटकीसरशी करतं आणि आकडा छापूनही देतं. मग मला इथे वर ठेवलं. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण तक्रार करायला मला तोंड नाही. दिवाकर आता चष्मा लावतो. कधीतरी त्या नव्या यंत्राचा आकडा त्याला पटला नाही, की तो मला खाली उतरवतो. अशा दिवशी मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, म्हणजे त्यांना नुसतं पुसून, फूल वाहून ठेवू नका. आमच्यावर विश्वास टाकण्याआधी आम्ही सरळ उभे आहोत की नाही, तेही रोज बघत जा. आम्हाला ते स्वतःला कळत नाही. मी पाच दिवस वाकडा होतो आणि पाचही दिवस मला मी सरळच वाटत होतो.

आणि तुमच्या हातून काही चुकलंच, तर दिवाकरसारखे पुढे व्हा. गंधाली आता मोठी झाली आहे. तिच्या मांडीवर टाक्यांची एकच खूण आहे. दुसरी व्हायची होती, तारीख ठरली होती, आणि ती एका माणसाने "चूक माही आहे" असं म्हटल्यामुळे झाली नाही.